वीस वर्षांची मुलं, मोजून एकतीस

उत्तरवारा | ८ जानेवारी २०२६, रात्री १०:४०

येत्या सोमवारी, १२ तारखेला, जपानमध्ये 'सेइजिन नो हि' आहे. सज्ञान होण्याचा दिवस, सरकारी सुट्टी. सेंदाईत राहून मला नऊ वर्षं झाली. या सुमाराला एक दिवस असा येतो की पहाटेच्या थंडीत स्टेशनवर केसांत फुलं माळलेल्या, गळ्याशी पांढरी फर घेतलेल्या, घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या बाह्यांचे किमोनो नेसलेल्या मुली दिसायला लागतात. या लांब बाह्यांच्या किमोनोला फुरिसोदे म्हणतात. लग्न न झालेल्या मुलींनी नेसायचा. मुलगे बहुतेक सूटमध्ये, थोडे हाकामात (पारंपरिक घोळदार वस्त्र). सगळ्यांची वयं वीस. सभागृहात महापौरांचं भाषण, एकदोघांनी सगळ्यांच्या वतीने बोलायचं, मग फोटो, फोटो आणि फोटो. संध्याकाळी माध्यमिक शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर. खरं आकर्षण तेच.

हा सण काही फार जुना नाही. १९४६ च्या नोव्हेंबरात, युद्ध हरल्यावर वर्षभराने, तोक्योजवळच्या वाराबी नावाच्या गावाने खचलेल्या तरुणांसाठी एक 'युवक-उत्सव' केला. त्यातून कल्पना पसरली, १९४८ च्या कायद्यात सुट्टी आली आणि १९४९ पासून १५ जानेवारी ठरली. २००० सालापासून लोकांना जोडून सुट्टी मिळावी म्हणून दुसरा सोमवार केला.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या एका समारंभाबद्दल. माझ्या जुन्या घरमालकीणबाई मूळच्या आकिता प्रांतातल्या, डोंगरातल्या एका छोट्या गावच्या. गेल्या ऑगस्टमध्ये ओबोनला (पितरांचे दिवस) त्या मला गावी घेऊन गेल्या. त्यांच्याकडे हा समारंभ ऑगस्टातच होतो. ईशान्येकडच्या बर्फाळ भागात अशी बरीच गावं आहेत. जानेवारीत पुरुषभर बर्फ आणि पोरं सगळी तोक्यो नाहीतर सेंदाईला, मग येणार कोण? ओबोनला सगळे येतात.

तिथे फुरिसोदे नाही, फर नाही. उकाडा होता. मुली साध्या ड्रेसमध्ये, मुलगे टाय सैल करून बसलेले. यादी वाचली, एकतीस नावं. हजर सव्वीस. आणि मागे प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर आजी-आजोबांची ही गर्दी! त्यातल्या कित्येकांचं कुणीच नातवंड त्या सव्वीसात नव्हतं. आमच्या बाईंचंही नव्हतं. मी विचारलं, मग तुम्ही का येता? म्हणाल्या, "पोस्टमास्तरचा मुलगा केवढा झाला ते बघायला." मग नाव पुकारलं की दरवेळी शेजारणीला कोपर मारून सांगत होत्या, हा त्याचा, ही तिची. बाहेर पडताना नगरपालिकेच्या कारकुनाला त्यांनी विचारलं, पुढल्या वर्षी किती? तो म्हणाला, चोवीस. त्याच्या पुढल्या वर्षी? एकोणीस. त्याला सगळे आकडे तोंडपाठ होते. असणारच, ती पोरं आत्ता गावच्या शाळांमधून बाहेर पडलेली आहेत.

आणखी एक. यंदा सोमवारी ज्यांचे समारंभ होतील ती मुलं एप्रिल २००५ ते मार्च २००६ मधली. २००५ हे जपानमध्ये युद्धानंतर पहिल्यांदाच जन्मांपेक्षा मृत्यू जास्त झाल्याचं वर्ष. तेव्हा पेपरांत मोठमोठे मथळे आले होते. ते बाळ आता वीस वर्षांचं झालं.

इथले जपानवाले, जपानी शिकलेले, कुणी असा समारंभ पाहिलेले असतील तर लिहा.

(अवांतर: वीस वर्षांच्या वयाला जपानीत 'हाताची' म्हणतात. मला दरवेळी 'हाताची बोटं' आठवतात. आकितात तर अगदीच.)

---

सदाफुली | ८ जानेवारी, ११:१५

छान लिहिलंय. कोपर मारणाऱ्या आजी डोळ्यांसमोर आल्या. दोन शंका. मध्यंतरी वाचलं होतं की जपानमध्ये सज्ञान वय १८ केलं, मग वीस कसं? आणि तो किमोनो केवढ्याला पडतो?

---

शाईचा_ठिपका | ९ जानेवारी, सकाळी ७:०५

पुण्यात गेली बारा वर्षं जपानी शिकवते, त्यामुळे थोडी मास्तरकी सहन करा.

सज्ञान वय वीस ठरलं १८७६ मध्ये, मेइजी काळात. ते १८ करणारी दुरुस्ती २०१८ मध्ये मंजूर झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्या एका सकाळी अठरा आणि एकोणीस वर्षांची सगळी मुलं एकदम सज्ञान झाली. मताचा अधिकार तर त्याआधीच, २०१६ पासून, अठराला मिळालाय. आता अठराव्या वर्षी आईवडिलांच्या सहीशिवाय मोबाईल, क्रेडिट कार्ड, भाड्याचं घर घेता येतं. मुलींच्या लग्नाचं वय मात्र त्याच वेळी १६ वरून १८ वर नेलं. दारू, सिगरेट आणि घोड्यांवरचा जुगार अजून विसालाच.

समारंभ अठराला का नाही नेला? कारण अगदी आपल्या घरातलं आहे: परीक्षा. विद्यापीठ प्रवेशाची देशभरची सामाईक परीक्षा याच दिवसांत, जानेवारीच्या मध्यावर असते. बारावीच्या पोराला कोण फुरिसोदे नेसवणार? म्हणून बहुतेक गावांनी वय वीसच ठेवलं आणि नाव बदललं. 'सेइजिन-शिकी' (सज्ञान समारंभ) ऐवजी 'हाताची नो त्सुदोई', म्हणजे वीस वर्षांच्यांचा मेळावा. कायद्याने सज्ञान दोन वर्षांपूर्वीच झालात, आता फक्त भेटा.

'जुना नाही' हे अर्धंच खरं. सरदार-दरबाऱ्यांच्या घरात मुलगा साधारण बारा ते सोळाचा झाला की 'गेन्पुकु' व्हायचं. केसांची ठेवण बदलायची, एबोशी नावाची टोपी डोक्यावर चढवायची, लहानपणचं नाव टाकून मोठेपणचं नाव घ्यायचं. टोपी चढवणारा तो 'एबोशी-ओया', म्हणजे टोपीबाप, आणि ते नातं जन्मभराचं. आपली मुंज आठवते खरी, पण इथे वेद नाही, टोपी आणि नाव आहे. वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या सुमारास गेन्पुकु करायची पद्धत होती. पंधरा जानेवारी तिथून आली असं मानतात.

आणि जपानी माणूस काही एकदाच मोठा होत नाही. तीन, पाच, सात वर्षांना नोव्हेंबरात 'शिचि-गो-सान'. दहाव्या वर्षी शाळेत 'अर्धा सेइजिन-शिकी'. क्योतोकडे तेराव्या वर्षी 'जूसान-माइरी': अराशियामाच्या होरिन्जी मंदिरात जाऊन बुद्धी मागायची आणि परत येताना तोगेत्सुक्यो पूल ओलांडेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. बघितलं की मिळालेली बुद्धी परत! माझी एक विद्यार्थिनी हे ऐकून म्हणाली, "मॅडम, मी नक्की बघितलं असतं."

किमोनोच्या किमतीचं कुणी आईने सांगावं. मी भाड्याचाच नेसलेय.

---

हिशेबनीस | ९ जानेवारी, ९:३०

धागा भावनेच्या अंगाने चाललाय, थोडे आकडे टाकतो.

१९७० मध्ये वीस वर्षांची मुलं होती २४ लाख ६० हजार. युद्धानंतर, १९४७ ते ४९ मध्ये, जन्मांची जी लाट आली ती पिढी. १९९४ मध्ये त्यांच्याच मुलांची दुसरी लाट, सुमारे २० लाख ७० हजार. आणि २०२४ च्या जानेवारीत नवे सज्ञान (आता अठरा वर्षांचे) १० लाख ६० हजार. तोवरचा नीचांक. पुढल्या वर्षी ते १० लाख ९० हजार झाले तर बातम्यांत 'वाढ' असा शब्द आला. वाढ वगैरे काही नाही, २००६ मध्ये जन्म किंचित जास्त होते, एवढंच.

या विषयात भविष्य सांगायला ज्योतिषी लागत नाही. २०२४ मध्ये जपानमध्ये जन्मली ६ लाख ८६ हजार बाळं. म्हणजे २०४५ च्या जानेवारीत सभागृहात किती खुर्च्या मांडायच्या ते आजच ठरलंय. बाहेरून येणारे सोडले तर त्यात एकही खुर्ची वाढू शकत नाही. उत्तरवारा यांचा कारकून मला फार आवडला. लोकसंख्याशास्त्र यापेक्षा वेगळं काही करत नाही.

---

टवाळ_आजोबा | ९ जानेवारी, ११:५०

हिशेबनीस, पुढची पिढी तरी वाढवा म्हणावं त्यांना. काय ते बुलेट ट्रेन वेळेवर आणतात आणि…
असो. मुली फार शिकल्या की हेच होणार.

---

सदाफुली | ९ जानेवारी, १२:०२

आजोबा, हे वाक्य आलं नसतं तर धागा पूर्ण झाल्यासारखा वाटला नसता. :)

---

उत्तरवारा | ९ जानेवारी, दुपारी १:२०

आजोबा, उलट सांगतो. इथे लग्नाशिवाय मूल होण्याचं प्रमाण जेमतेम दोन-अडीच टक्के. म्हणजे लग्न नाही तर मूल नाही, या बाबतीत जपान तुमच्याइतकाच जुन्या वळणाचा आहे. अडलंय ते लग्नापाशी. २०२० च्या जनगणनेत पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न झालेले पुरुष २८ टक्के आणि बायका १८ टक्के.

आणि याचं मूळ हिशेबनीस यांच्या दुसऱ्या लाटेत आहे. १९७१ ते ७४ मध्ये जन्मलेली ती मुलं कामाला लागायच्या वेळेला फुगा फुटला होता. जमिनी, शेअर, सगळं कोसळलेलं. कंपन्यांनी नव्या पोरांना घेणं बंद केलं. त्या काळाला इथे नोकऱ्यांचं 'हिमयुग' म्हणतात. पदवीच्या वर्षी कायमची नोकरी मिळाली नाही तर नंतर ती जवळजवळ मिळायचीच नाही, असा इथला रिवाज. मग कंत्राटी कामं, अर्धवेळ कामं. ज्या पोराच्या पुढल्या वर्षीच्या पगाराचा भरवसा नाही त्याच्याशी लग्न कोण करणार आणि तो तरी कुणाला विचारणार? सगळे तिसऱ्या लाटेची वाट बघत होते. ती आलीच नाही. आता ती पिढी पन्नाशी पार करून गेली.

माझ्या ऑफिसात त्या वयाचे तिघे आहेत. तिघांचीही लग्नं झालेली नाहीत. तिघेही जानेवारीत भाच्या-पुतण्यांना नववर्षाच्या पैशांची पाकिटं देतात.

---

टवाळ_आजोबा | ९ जानेवारी, १:४५

बरं बाबा, शब्द मागे. तो पाकिटाचा मुद्दा लागला.

---

शाईचा_ठिपका | ९ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

आजोबांसाठीच एक भर. २०२६ हे 'हिनोए-उमा' आहे, म्हणजे अग्नी-घोड्याचं वर्ष, साठ वर्षांनी येणारं. या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला खाते अशी समजूत. एदो काळात प्रियकराला भेटता यावं म्हणून आग लावणारी ओशिचि नावाची मुलगी १६६६ च्या अशाच वर्षातली होती, अशी दंतकथा त्याला चिकटलेली. मागच्या अग्नी-घोड्याला, १९६६ मध्ये, जन्म एका वर्षात सुमारे चतुर्थांशाने घसरले आणि पुढच्या वर्षी परत वर आले. म्हणजे लोकांनी ठरवून एक वर्ष टाळलं. वीस वर्षांनी सेइजिन-शिकीच्या खुर्च्यांतही ती खाच दिसली.

---

टवाळ_आजोबा | ९ जानेवारी, ६:३०

म्हणजे अख्ख्या वर्षालाच कडक मंगळ! आमच्याकडे निदान पत्रिका बघून एकेकीला धरतात.

---

हिशेबनीस | ९ जानेवारी, रात्री ८:००

मजेची गोष्ट अशी की १९६६ चा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.५८ होता. अपवाद म्हणून लोक हसले. १९८९ मध्ये कसलाही घोडा नसताना १.५७ झाला तेव्हा सरकार हादरलं. तिथे त्याला '१.५७ चा धक्का' असंच नाव आहे. २०२४ चा आकडा १.१५.

---

कोकणकडा | १० जानेवारी, सकाळी ८:२५

ओबोनचं वाचून गणपतीच आठवले. आमच्या वाडीतही वर्षभर पाच घरं उघडी आणि चतुर्थीला पंचवीस. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली होती. पण आमच्याकडे यादी वाचत नाहीत. आरतीला आवाज किती जणांचा, यावरून कळतं.

यावरून ते होक्काइदोचं स्टेशन आठवलं. एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने अख्खं स्टेशन चालू ठेवलं, ती पास झाली आणि मग बंद केलं. आमच्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी येतं. दर वेळी भरून येतं.

---

उत्तरवारा | १० जानेवारी, ९:४०

भरून आलेलं घालवतोय, माफ करा. क्यू-शिराताकी नावाचं स्टेशन होतं, २०१६ च्या मार्चमध्ये बंद झालं आणि तिथून एक मुलगी शाळेत जायची, इतपत खरं. पण त्याच रांगेतली तीन स्टेशनं एकदम बंद झाली, आणि तीही प्रवासी नाहीत म्हणून. रेल्वेचं वेळापत्रक दर मार्चमध्ये बदलतं आणि शाळेचं वर्षही मार्चमध्येच संपतं. दोन्ही एकत्र आलं, एवढंच. त्या व्हायरल बातमीत फोटो आणि नाव तर त्याच रांगेतल्या दुसऱ्या स्टेशनचं होतं.

मला या गोष्टीचा थोडा रागच येतो. कारण खरं घडतं ते याच्या उलट. २००२ ते २०२० मध्ये इथे आठ हजारांहून जास्त सरकारी शाळा बंद झाल्या. कुणी एकासाठी थांबलं नाही. आकितातल्या त्या गावची माध्यमिक शाळासुद्धा शेजारच्या गावात विलीन झालीय. बस येते, पाऊण तास.

---

कोकणकडा | १० जानेवारी, १०:०५

ठीक आहे. हे ग्रुपवर टाकणार नाही मात्र. आमच्या आत्याला फार आवडते ती गोष्ट.

---

निशिकासाईकर | १० जानेवारी, रात्री ११:३०

किमोनोच्या किमतीला आई हजर आहे.

आम्ही तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशि-कासाईला. इथे एवढे भारतीय आहेत की भाजीवाल्याला 'मेथी' कळते. २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते. माझी लेक पाच वर्षांची असताना आम्ही आलो. गेल्या नोव्हेंबरात तिला वीस पूर्ण झाली आणि वॉर्डाचं आमंत्रण घरी आलं. नागरिकत्व बघत नाहीत, पत्ता बघतात. शिंजुकू वॉर्डात तर २०१८ मध्ये नव्या सज्ञानांपैकी जवळजवळ ४५ टक्के परदेशी होते.

आता खर्च. फुरिसोदे भाड्याने घेतला तरी दीड-दोन लाख येनपासून पुढे, म्हणजे आपले लाखभर रुपये धरा. विकत म्हणजे त्याच्या कितीतरी पट. लेकीच्या मैत्रिणींनी दीड-दोन वर्षं आधी नोंदणी केली होती! मुलं कमी झाली तसा धंदा कमी व्हायला हवा ना? पण एका मुलीमागे दोन आजोबा, दोन आज्या आणि आईबाप एवढे पैसे घालणारे. फोटो तर आदल्या उन्हाळ्यातच काढून ठेवतात, म्हणजे समारंभाच्या दिवशी पाऊस आला तरी अल्बम तयार. समारंभादिवशी पार्लरची वेळ पहाटे चार, साडेचार.

सगळं इतकं आधीपासून ठरलेलं असतं, म्हणून २०१८ चा किस्सा इथे अजून सांगतात. योकोहामाकडची किमोनो देणारी एक कंपनी ऐन सेइजिनच्या सकाळी कुलूप लावून गायब झाली होती. शेकडो मुली पहाटे बंद दारासमोर. काहीजणींना दुसऱ्या दुकानांनी फुकट नेसवलं.

हल्ली 'मामा-फुरि' चालतं. म्हणजे आईचा फुरिसोदे काढायचा, नवा ओबी (कमरपट्टा) बांधायचा. आमच्याकडे आईचा फुरिसोदे नाही. लेक म्हणते, तुझी पैठणी दे. माझी लग्नातली मोरपंखी. मी म्हटलं, अगं जानेवारी आहे, शून्याजवळ जाईल पारा. म्हणे आतून हीटटेक (ऊबदार आतले कपडे) घालीन.

---

सदाफुली | ११ जानेवारी, ८:१०

पैठणी! पैठणी! पैठणी!

---

आगाऊ_कार्टं | ११ जानेवारी, १०:२०

सगळे गोड गोड लिहिताहेत म्हणून. कितीक्युशूचे सोनेरी, फरवाले, पंखवाले पोशाख आणि ओकिनावाच्या रंगीत कपड्यांच्या मिरवणुका शोधून बघा. २००१ मध्ये ताकामात्सुला तर पोरांनी भाषण करणाऱ्या महापौरांवरच क्रॅकर फोडले होते, अटक झाली. वीस वर्षं 'इतरांना त्रास देऊ नको' ऐकल्यावर एक दिवस तेवढं चालायचंच. शिवाय उरायासू शहराचा मेळावा डिस्नेलँडमध्ये होतो. महापौर आणि मिकी माऊस एकाच मंचावर. कुणाचं भाषण ऐकतात ते सांगायला नको.

---

शाईचा_ठिपका | ११ जानेवारी, १२:४५

त्याच्या दुसऱ्या टोकाला क्योतोचं सान्जुसान्गेन्दो मंदिर. पंधरा जानेवारीच्या आसपासच्या रविवारी साठ मीटरवरच्या लक्ष्यावर तिरंदाजी. त्या वर्षीची वीस वर्षांची पोरं-पोरी, मुली फुरिसोदेच्या बाह्या बांधून, थंडीत ओळीने उभ्या. मी २०११ मध्ये पाहिलं. कुणी बोलत नव्हतं. फक्त दोऱ्यांचा आवाज.

निशिकासाईकर, एक विचारू का? माझ्या वर्गात हल्ली निम्मी मुलं ॲनिमेवाली आणि निम्मी नोकरीवाली. केअर-गिव्हरचा व्हिसा हवा म्हणून नाशिक, सांगलीहून ऑनलाइन बसतात. २०२१ मध्ये दोन्ही सरकारांचा त्याबद्दल करार झालाय. ती विचारतात, तिथे कायमचं राहता येतं का? मी नियम सांगते. राहावंसं वाटतं का, ते तुम्हीच सांगू शकाल.

---

निशिकासाईकर | १३ जानेवारी, रात्री ९:१५

उत्तर द्यायला उशीर झाला, काल समारंभ होता.

पैठणीच नेसली. आतून दोन थर, वर माझा कोट, पायात बूट, ते निऱ्यांखाली दिसत नव्हते. सभागृहाच्या दारात तिच्या शाळेतल्या मैत्रिणींनी पदराला हात लावून बघितला आणि मोर मोजले. एकीची आई मला येऊन म्हणाली, हा तुमचा मामा-फुरि का? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? फोटो एवढे झाले की माझ्या फोनची बॅटरी गेली.

शाईचा ठिपका, राहावंसं वाटतं का याचं उत्तर मला एका वाक्यात येत नाही, म्हणून कालचंच सांगते. भाषणात नेहमीचं होतं. तुम्ही संख्येने कमी आहात म्हणून तुमचा आवाज मोलाचा, मतदान करा. लेक घरी येऊन पिना काढता काढता म्हणाली, "आई, सगळे टाळ्या वाजवत होते, मीपण वाजवल्या. पण मला कुठे मत आहे?" परदेशी नागरिकांना नाहीच. पंधरा वर्षं इथे काढली तरी.

पण नोव्हेंबरात विसावा वाढदिवस झाल्यावर दोन आठवड्यांत एक पाकीट मात्र बिनचूक आलं होतं. राष्ट्रीय पेन्शन योजनेत तुमची नोंद झाली आहे, महिना १७,५१० येन. ते नागरिकत्व न बघता सगळ्यांना. हे पाकीटही तिने कालच उघडलं. म्हणाली, म्हणजे उत्तरवारा काकांच्या त्या आकितावाल्या आजींना मी पैसे पाठवायचे ना? (धागा तिला वाचून दाखवलाय.)

विद्यार्थ्यांना पुढे ढकलायची सवलत असते म्हणे. तो अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यायचा की ऑनलाइन चालतो? कुणी केलाय का?

---

उत्तरवारा | १३ जानेवारी, १०:००

दोन्ही चालतं. विद्यार्थी ओळखपत्राची प्रत लागेल, आणि सवलत दरवर्षी नव्याने मागावी लागते, ते विसरू नका. आजींना फोन करून सांगतो. पैठणीचा एक फोटो मिळाला तर छापून पाठवीन, त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही.